‘यासारखे आणखी’ कोण ठरवणार?



मार्चमध्ये सोनईला जयंतीच्या तयारीच्या बैठकीला गेलो होतो. वर्गणी किती, डीजे कुठला, मिरवणुकीचा रस्ता कोणता, पोलीस परवानगीला कोण जाणार, या नेहमीच्या विषयांत दीड तास गेला. बैठक संपल्यावर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक पोरगा मागे रेंगाळला. खिशातून मोबाईल काढून हळू आवाजात म्हणाला, "दादा, ह्यांच्यासारखा दुसरा बँड कोणता असेल? लई शोधला, सापडत नाही."

मोबाईलवर ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या अमेरिकन रॉक बँडचा १९९२चा पहिला अल्बम होता. लॉस एंजेलिसचा बँड. गिटार, ढोल आणि रॅप, आणि पोलिसी दडपशाही, वंशभेद, भांडवलशाही यांच्यावर थेट हल्ला. पोराच्या जन्माआधीचा अल्बम. इंग्रजी त्याला निम्मं समजत होतं, पण राग पूर्ण समजत होता. अल्बमच्या मुखपृष्ठावर आगीच्या लोळात मांडी घालून बसलेला एक माणूस आहे. पोरानं विचारलं, "हा पिक्चरमधला सीन आहे का?"

नाही रे बाबा. ते भिक्खू थिच क्वांग डुक आहेत. ११ जून १९६३ रोजी दक्षिण व्हिएतनामच्या सायगॉन शहरात, भर चौकात, बौद्धांवर दडपशाही करणाऱ्या दीम सरकारच्या निषेधार्थ त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं. माल्कम ब्राऊन या पत्रकारानं काढलेला तो फोटो जगभर छापला गेला. सोनईच्या एका बौद्ध पोराच्या मोबाईलवर कित्येक महिने एका बौद्ध भिक्खूचा फोटो होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. अॅपनं सांगितलं नव्हतं. आपण कुणीही सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते चपला घालता घालता म्हणाले, "काय रे, भीमगीतं संपली का? ही इंग्रजी बोंबाबोंब कशाला पाहिजे आपल्याला? हे आपलं नाही." पोरानं "नाही काका, सहजच" म्हणत मोबाईल खिशात घातला.

काकांबद्दल मला आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्यात. पण त्यांचं ते वाक्य चुकीचं आहे, आणि पोराला अॅपनं दिलेलं उत्तरही चुकीचं आहे. दोन्हीकडची चूक एकच आहे: ‘सारखं’ म्हणजे काय, हे ठरवायचा अधिकार आपण दुसऱ्याला देऊन बसलोय.

आधी अॅपचं पाहू. पोरानं ‘यासारखे आणखी’ दाबलं तेव्हा त्याला ‘ऑडिओस्लेव्ह’ मिळाला. चुकीचं काहीच नाही. ‘रेज’चेच तीन वादक त्यात आहेत, तोच टॉम मोरेलो, तीच गिटार. गायक ख्रिस कॉर्नेल, तोही दमदार. फक्त या नव्या बँडनं राजकारण ठरवून बाजूला ठेवलं होतं. म्हणजे आवाज तोच, हात तेच, आणि ज्या कारणासाठी सोनईचा पोरगा मूळ बँडवर जीव टाकत होता तेवढंच गायब. पोरगा म्हणाला, "चांगलं आहे दादा, पण लागत नाही." याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही.

हे यंत्र चालतं कसं? गाण्याचा वेग, ताल, आवाजाची पातळी ते मोजतं, पण त्याचा मोठा हिशोब असा: हे गाणं ज्यांनी ऐकलं, त्यांनी आणखी काय ऐकलं? मग त्या लोकांची यादी तुमच्यापुढे ठेवायची. ओळखीचं वाटतंय ना? सोयरीक जमवायची पद्धत अशीच असते. तुमच्यात आजवर कुणाकुणाकडे मुली दिल्या, कुणाच्या आणल्या, त्यावरून पुढची सोयरीक. यंत्राच्या मनात जात नाही, कारण त्याला मनच नाही. पण ज्यांच्या सवयी मोजून ते शिफारस करतं, त्यांच्या ऐकण्यात जात आहे, पैसा आहे, शाळेचं माध्यम आहे. या देशात ‘रेज’ ऐकणारा मोठा वर्ग पुण्या-बंगळुरूच्या इंग्रजी शाळांतून आला. त्यानं कबीर कला मंच ऐकलेला नाही, आंबेडकरी जलसा ऐकलेला नाही. मग यंत्राच्या नकाशात या दोन गावांमध्ये रस्ताच नाही. पायवाट चालणाऱ्यांमुळे पडते, आणि चालणारे आपणच असू शकतो.

दुसरी गंमत पाहा. वामनदादा कर्डक शोधायला गेलो तर ते मला भक्तिगीतांच्या कप्प्यात सापडले. आरत्यांच्या शेजारी! ज्या माणसानं आयुष्य देवभोळेपणाविरुद्ध गाण्यात घालवलं, त्याला यंत्रानं देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. नावं तीन-चार स्पेलिंगांनी लिहिलेली, कवीचं नाव गायब, वर्ष नाही, साथीदार कोण ते नाही. अशी गाणी यंत्र कुणाला ‘यासारखे’ म्हणून कशी देणार? पण याचा दोष फक्त कंपन्यांवर ढकलून चालणार नाही. आपल्याच माणसांनी चॅनेलवर गाणी चढवताना शायराचं नाव टाकायचे कष्ट घेतलेले नाहीत. गायकाचा फोटो मोठा, मंडळाच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा, आणि ज्यानं शब्द लिहिले तो कुठेच नाही.

आता काकांकडे येतो. "हे आपलं नाही."

काका, आपल्या जलशातली पेटी कुठली? हार्मोनियम युरोपातून आली. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचं पेटंट घेतलं गेलं. तिला परकी ठरवून आकाशवाणीनं १९४० पासून तीन दशकं तिच्यावर बंदी घातली होती. आपल्या शाहिरांनी मात्र ती कधीच गळ्यात अडकवून गावोगाव नेली होती. वाद्य कुणाचं यावर शाहीर अडून बसले नाहीत. त्यातून काय वाजवायचं हे त्यांनी ठरवलं. आणि बाबासाहेब? उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. व्हायोलिन नगर जिल्ह्यात होत नाही.

बरं, रॉक ‘इंग्रजी’, गोऱ्यांचं, असं आपण म्हणतो ते तरी खरं आहे का? सिस्टर रोझेटा थार्प नावाची काळी बाई १९३०-४०च्या दशकात चर्चची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती. चक बेरी काळा. ब्लूज तर गुलामांच्या नातवंडांचं संगीत. पुढे बाजारानं त्यावर गोरा चेहरा चढवला आणि शेवटी काळ्या पोरांनाच सांगितलं गेलं, की रॉक तुमचं नाही. डेट्रॉइटमध्ये हॅकनी आडनावाच्या तीन काळ्या भावांचा ‘डेथ’ नावाचा बँड होता. १९७५ला त्यांनी गाणी रेकॉर्ड केली. नाव बदला, मग छापतो, असं मोठ्या कंपनीकडून सांगणं आलं. त्यांनी नाव बदललं नाही. ती गाणी अल्बम म्हणून बाहेर यायला २००९ साल उजाडलं. चौतीस वर्षं! नाव बदला म्हणजे काम होईल, हे वाक्य आपल्यातल्या किती जणांनी भाडेकरार करताना ऐकलंय? आणि तरी ते संगीत आपलं नाही?

काकांचं एक म्हणणं मात्र खरं आहे आणि ते टाळून पुढे जाणं लबाडी होईल. नवी पोरं भीमगीतांपासून तुटत आहेत. ज्याला टॉम मोरेलो कोणत्या गिटारवर वाजवतो ते माहीत आहे, त्याला भीमराव कर्डक कोण हे माहीत नाही. ज्या कर्डकांच्या एका जलशाचं मोल बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांशी तोललं असं आपण ऐकत वाढलो, त्या कर्डकांचं नाव त्या बैठकीत मी विचारलं तेव्हा बावीस जणांपैकी चौघांनाच ठाऊक होतं. पण काका, हे तुटणं रॉकमुळे झालेलं नाही. त्या बावीस जणांतला एकच रॉक ऐकतो. बाकीच्यांना कर्डक का माहीत नाहीत? कारण आपण त्यांना डीजे दिला. वर्षानुवर्षं तीच दहा-पंधरा गाणी, दर वर्षी आणखी जास्त धडधडीत. त्यात शब्दच ऐकू येत नाहीत, तर शायर कुठून कळणार?

एक काळ होता, नवं गाणं कसं सापडायचं? ६ डिसेंबरला चैत्यभूमीला गेलं की शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे स्टॉल. स्टॉलवाला विचारायचा, कुणाचं आवडतं? त्याला नाव सांगितलं की तो म्हणायचा, मग हा घेऊन जा, हा त्यांच्याच तालमीतला आहे. ‘त्यांच्याच तालमीतला’! हेच ‘यासारखे आणखी’ होतं, फक्त ते एका माणसाच्या तोंडून यायचं आणि त्यामागे परंपरा असायची. कोण कुणाचा शिष्य, कुणी कुणाच्या चालीवर नवं गाणं बांधलं, कुणाचा सामना कुणाशी रंगला, हे त्या स्टॉलवाल्याला पाठ असायचं. ती कॅसेट गावात यायची आणि दहा घरं फिरायची. परत येईल तेव्हा तिची फीत सैल झालेली असायची.

आणि एक शब्दाचा हिशोब करून टाकू. ‘इंडी’ म्हणजे इंडिपेंडंट, कंपनीच्या दावणीला न बांधलेला. ‘अल्टरनेटिव्ह’ म्हणजे पर्यायी, प्रस्थापिताला पर्याय देणारा. या मोजपट्टीनं ‘रेज’ इंडी नाही. त्यांचे अल्बम एपिक या सोनीच्या कंपनीनं काढले. त्याबद्दल त्यांना टोमणेही बसले. पण सिन्नरजवळच्या देशवंडीचा, १९२२ साली जन्मलेला, ज्यानं कंपनी, नाट्यगृह, सरकारी मानधन कशाचीही वाट न पाहता आयुष्यभर गावकुसाबाहेर बत्तीच्या उजेडात गायलं, तो वामनदादा कर्डक कोण होता? आपल्याकडची इंडीची सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी परंपरा गावकुसाबाहेर आहे. तिला तो शब्द मिळाला नाही, कारण शब्द वाटणारे गावात राहत होते.

आजही तेच वाटतात. पुण्यात २०१० पासून एनएच सेव्हन वीकेंडर नावाचा मोठा संगीत महोत्सव सुरू झाला. त्यानं अनेक चांगले बँड लोकांपुढे आणले, हे मान्य. पण तिकीट, पुण्याचा मुक्काम, आणि त्या गर्दीत आपण कसे दिसतो ही धाकधूक, यांचा हिशोब सोनईच्या पोराला करून पाहायला सांगा. ‘स्वतंत्र’ संगीत ऐकायला आधी आर्थिक स्वातंत्र्य लागतं.

२०२१चं प्रकरण आठवतं का? ‘एंजॉय एंजामी’ हे तमिळ गाणं मार्चमध्ये आलं आणि देशभर वाजलं. लिहिलं अरिवूनं. त्याच्या आजीच्या, श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यात राबून परत आलेल्या भूमिहीन माणसांच्या आठवणींवर ते उभं आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रोलिंग स्टोन इंडियानं मुखपृष्ठ काढलं, त्यावर सहगायिका ढी होती आणि दुसरा एक रॅपर होता. अरिवू नव्हता. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीरपणे बोट ठेवलं, गदारोळ झाला, मग नंतर त्याला स्वतंत्र मुखपृष्ठ मिळालं. मुद्दाम केलं की नजरचुकीनं, या वादात मी पडत नाही. लाखो लोकांच्या तोंडी असलेल्या गाण्याचा लेखक नजरेतून निसटू शकतो, एवढं पुरे. ज्यांच्या नजरेतून अरिवू निसटतो, त्यांच्या यादीत सोनईच्या पोरानं आपला पुढचा बँड शोधायचा?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, गाण्यासारख्या गोष्टीवर एवढा खल कशाला? अॅट्रॉसिटीच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्त्या रखडल्यात, आणि हे बँड शोधत बसलेत.

नगर जिल्ह्यात हा प्रश्न विचारू नका.

१६ मे २०१५. शिर्डी. सागर शेजवळ. नर्सिंगचं शिक्षण घेणारा तरुण लग्नासाठी आला होता. मोबाईल वाजला. रिंगटोन बाबासाहेबांवरच्या गाण्याची होती. तेवढ्यावरून त्याला मारहाण झाली, उचलून नेलं आणि ठार मारलं. एक रिंगटोन, म्हणजे काही सेकंदांचं गाणं. याच जिल्ह्यात, याच सोनईत, त्याआधी दोन वर्षं, १ जानेवारी २०१३ला, मेहतर समाजाच्या तीन तरुण सफाई कामगारांना सेप्टिक टँक साफ करायच्या बहाण्यानं बोलावून मारलं होतं. कारण काय, तर त्यातल्या एकाचं वरच्या जातीतल्या मुलीवर प्रेम. नाशिकच्या सत्र न्यायालयानं २०१८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. हे तुम्हाला सगळं माहीत आहे. मी ते पुन्हा सांगतोय कारण त्या पोरानं मला आणखी एक गोष्ट सांगितली.

त्याच्या घरात सगळ्यांचे फोन कायम व्हायब्रेटवर असतात. शिर्डीचं झालं तेव्हा तो प्राथमिक शाळेत होता. त्याच्या आईनं त्या आठवड्यात घरातले फोन व्हायब्रेटवर टाकले, ते आजतागायत तसेच आहेत. "आई म्हणते, ऐकायचं ते कानात ऐक." म्हणून तो इअरफोन लावून ऐकतो. घरात, कॉलेजच्या एसटीत, उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या मोटरसायकलवर. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत म्हणून लोक गाड्या भरून बघायला येतात. इकडे आमच्या पोरांच्या कानांना दारं बसवावी लागलीत, ते बघायला कोण येणार?

आईला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण याचा परिणाम काय झाला ते पाहा. कॅसेट दहा घरं फिरायची. इअरफोनमधलं गाणं एका कवटीत राहतं. त्या पोराला वाटतं, सोनईत असलं ऐकणारा आपण एकटाच. कशावरून? नेवाशाला एखादी पोरगी असेल, घोडेगावला कुणी असेल, राहुरीच्या हॉस्टेलवर दोघे-तिघे असतील. अॅपला ते सगळे माहीत आहेत. एकेकाचा हिशोब त्याच्याकडे आहे. पण ते त्यांची एकमेकांशी गाठ घालून देणार नाही, कारण त्याला तुम्ही एकेकटेच हवे आहात.

अमेरिकेत काळ्या पोरांचं हेच झालं होतं. गोऱ्यांच्या पंक मैफलीत शे-दोनशेत एखादाच काळा, आणि प्रत्येकाला वाटायचं की असा आपण एकटाच. जेम्स स्पूनर या तरुणानं गावोगाव फिरून अशा एकट्यांना शोधलं, बोलतं केलं आणि २००३ मध्ये ‘अफ्रो-पंक’ नावाचा माहितीपट काढला. माहितीपट दाखवायला गेला तिथे तिथे ती पोरं एकमेकांना भेटू लागली. २००५ला ब्रुकलिनमध्ये त्याचा महोत्सव झाला. पुढे तोही बाजाराच्या वाटेनं गेला आणि स्पूनर त्यातून बाहेर पडला. ही गोष्टही लक्षात ठेवायला हवी. पण सुरुवात झाली ती एकट्यांना मोजण्यापासून.

‘आपल्यासारखे कोण?’ हा शोध आपल्याला नवा नाही. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथले निग्रो आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य त्यांना दिसत होतं आणि संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. बाबासाहेबांनी साम्य कशात पाहिलं? भाषेत? पोशाखात? नाही, दुःखाच्या कारणात. मग १९७२ साली मुंबईत पोरांनी ब्लॅक पँथरबद्दल वाचलं आणि दलित पँथर उभी राहिली. ओकलंड आणि कामाठीपुरा यांच्यात कुठल्या यंत्राला साम्य दिसलं असतं?

म्हणून त्या पोराला मी जे सांगितलं ते इथे लिहितो. बँड शोधताना ‘कसा वाजतो’ हे दुसरं विचार. आधी विचार, हा बँड कुणाच्या विरोधात उभा आहे आणि कुणाच्या बाजूनं.

या वाटेनं गेलास की ‘रेज’च्या शेजारी चेन्नईचा ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ सापडतो. पा. रंजित यांचं नीलम कल्चरल सेंटर आणि संगीतकार तेन्मा यांनी उभा केलेला, जानेवारी २०१८ मध्ये पहिल्यांदा मंचावर आलेला, एकोणीस जणांचा ताफा. त्यात रॉकची गिटार आहे, रॅप आहे आणि उत्तर चेन्नईच्या वस्त्यांत मयताला गायलं जाणारं गाना आहे. ज्या गाण्याला तिथले सभ्य लोक नाक मुरडत होते, तेच मधोमध ठेवलंय. बँडचं नाव कुठून आलं? स्वतःला ‘जात नसलेले तमिळ’ म्हणवून घ्या असं सांगणाऱ्या अयोथी दास यांच्याकडून, ज्यांनी बाबासाहेबांच्या आधी अर्धशतक बौद्ध धम्म स्वीकारला होता. अरिवू या बँडचाच. इसैवाणी ही गाना गाणारी बाईही. हे क्षेत्र पुरुषांचं मानलं जायचं. तमिळ समजत नाही? ‘रेज’चं इंग्रजी तरी कुठे समजत होतं.

तिथून परत घरी ये. पुण्याचा कबीर कला मंच २००२च्या गुजरात दंगलीनंतर सुरू झाला. गाण्याची किंमत काय असते ते त्यांच्याकडे बघून कळतं. सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्या सगळ्या राजकीय भूमिका मला पटतात असं नाही, आणि ऐकण्यासाठी पटायची गरजही नाही. शीतल साठे यांचा आवाज ऐकला नसेल तर आजच ऐक. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ बघ, त्यात विलास घोगरे भेटतील. ११ जुलै १९९७ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. ते सहन न होऊन घोगरेंनी स्वतःला संपवलं. त्यांनी जी गाणी मागे ठेवली, त्यांच्यापुढे बरेच रॉक बँड मला दिवाळीतल्या टिकल्यांसारखे वाटतात.

गिटारच पाहिजे असेल तर कबीर शाक्य यांचा मुंबईचा ‘धम्म विंग्ज’ आहे. बौद्ध विचार रॉकमध्ये गाणारा बँड. मला त्यांचं सगळंच आवडत नाही, काही गाणी फार गोड होतात, पण वाट त्यांनी पाडली. रॅप पाहिजे तर अमरावतीचा विपीन तातड, ओडिशाचा सुमीत सामोस. मुंबईचा ‘स्वदेसी’ हा गट प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी ‘द वारली रिव्होल्ट’ घेऊन आला. वारल्यांचा आवाज आणि शहरी बीट एकमेकांना धक्का न देता एकत्र कसे राहतात ते तिथे ऐक. आणि माही जी, महादेव कोळी समाजातली मराठी पोरगी. तिनं आदिवासींवर रॅप केलाच, पण गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांवरही केला.

ते गाणं मी पोराला तिथेच ऐकवलं. त्यानं इअरफोनचं एक टोक माझ्या कानात दिलं, एक आपल्या. गाणं संपल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, हे तर सोनईचं आहे." यंत्राला हे साम्य सात जन्मांत सापडणार नाही.

आता कामाचं बोलू. काकांशी मी त्या रात्री पुन्हा बोललो. डीजे रद्द करा असं मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर पुढच्या बैठकीला मला बोलावलंच नसतं. मागितला तो एक तास. १३ एप्रिलला संध्याकाळी समाजमंदिरात, एक साधा स्पीकर, दरवाजा उघडा. प्रत्येकानं एक गाणं आणायचं. भाषा कुठलीही, बँड कुठलाही. गाणं लावायच्या आधी दोन वाक्यं बोलायची: हे कुणाचं, आणि मला का लागलं. जुन्यांनी जुनं आणावं. वामनदादांचं गाणं कुणी आणलं तर शायराचं नाव घेतल्याशिवाय लावायचं नाही. एक वही ठेवायची. त्यात गाणं, गाणाऱ्याचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव आणि आणणाऱ्याचं नाव.

काका म्हणाले, "आणि आवाजावरून गावात कुणी काही काढलं तर?"

बरोबर प्रश्न आहे. मंदिरातला भोंगा रोज पहाटे वाजतो, तेव्हा तो कुणी विचारत नाही, हे मी त्यांना सांगितलं; पण ते उत्तर नव्हतं, चिडचिड होती. उत्तर असं: संध्याकाळी सहा ते सात, कायद्यात बसणाऱ्या आवाजात, मिरवणुकीच्या अर्जासोबतच पोलीस ठाण्यात दुसरा अर्ज द्यायचा, त्यावर पोच घ्यायची, आणि बाया-पोरांसकट सगळी वस्ती हजर ठेवायची. एका तासासाठी का होईना, सोनईत गाणं कानातून बाहेर काढायचं, आणि ते काढताना कुणी एकटं असता कामा नये.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्याकडे विठ्ठल उमपांची एक कॅसेट आहे. वाजवायला टेपच नाही राहिला."

टेप शोधतोय. नेवासा, राहुरी, नगरकडे कुणाकडे चालू स्थितीतला असेल तर कळवा. आणि १३ तारखेला येणार असाल तर गाणं आणा; ते लिहिलं कुणी, हे विचारून आणा.

जय भीम.